नोमसाचं राहिलेलं मत

लीड्सच्या अनुराधा काकतकर म्हणजे कडक बाई. चाळीस वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून त्यांनी पेशंटना दटावून चालायला लावलं. पण नवरा रघुवीर अंथरुणाला खिळला, तेव्हा दीड वर्ष त्याचं सगळं केलं ते नोमसानं. एजन्सीनं पाठवलेली ही केअरर मूळची दक्षिण आफ्रिकेतली, डर्बनची. येणारेजाणारे बाईंना काकू म्हणत, म्हणून तीही काकूच म्हणायची.

२०१९ च्या एप्रिलमध्ये नोमसाला तिच्या देशाच्या निवडणुकीचं मत द्यायला लंडनला जायचं होतं. ट्रेनचं तिकीटही काढलं होतं. नेमकी त्याच सकाळी रघुवीरला धाप लागली आणि ती थांबली. दुपारी तो गेला. मत राहून गेलं, ते काकूंच्या मनाला पाच वर्षं टोचत राहिलं. काही द्यावं म्हटलं तर ही बया चॉकलेटचा डबासुद्धा परत करायची, म्हणे एजन्सीच्या नियमात बसत नाही!

म्हणून २०२४ ची निवडणूक आली तेव्हा काकूंनी जाहीर करून टाकलं, "या वेळी मीच तुला घेऊन जाते." लंडनला मतदान दोन दिवस होतं. शनिवारी नोमसाची ड्यूटी, म्हणजे उरला तो रविवार, शेवटचा दिवस.

रविवारी सकाळी नोमसा काकूंकडे आली, कागदपत्रं टेबलावर ठेवून हात धुवायला गेली. एवढं मोठं काम, मग कागद देवापुढे ठेवायला नकोत? काकूंनी पासपोर्ट आणि तिच्या देशाचं हिरवं ओळखपुस्तक देव्हाऱ्यात ठेवलं, दोन्ही उघडून आतल्या फोटोंना हळदकुंकू लावलं, हात जोडले. तेवढ्यात टॅक्सीचा हॉर्न वाजला. काकूंनी पासपोर्ट उचलून नोमसाच्या पर्समध्ये कोंबला आणि निघाल्या.

ट्रफाल्गर स्क्वेअरला दक्षिण आफ्रिकेच्या हाय कमिशनबाहेर, म्हणजे वकिलातीबाहेर, ही भली मोठी रांग. काकू थालीपीठं वाटत पुढे सरकत होत्या. तासाभरानं एक स्वयंसेविका ओरडत आली, "पासपोर्ट आणि आयडी, दोन्ही हातात ठेवा!" नोमसानं पर्स उघडली. आत नुसता पासपोर्ट. हिरवं पुस्तक बाळकृष्णाच्या पायाशीच राहिलं होतं.

"माझ्यामुळेच गं, याही वेळी माझ्यामुळेच!" काकूंना रडूच फुटलं. नोमसा मात्र शांत. "मतदान नऊपर्यंत आहे, काकू. कोणाला तरी फोन करा."

काकूंनी शेजारच्या सुलक्षणाला फोन लावला. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला, आठवड्याची एकच सुट्टी, ती अशी सत्कारणी लागायची होती.

"काकू, तुम्ही पॅनिक होऊ नका. दाराजवळच्या की-सेफमध्ये किल्ली आहे ना? कोड सांगा. आणि देव्हाऱ्यात हात घातला तर चालेल ना? माझी आंघोळ झालेली नाहीये."

"अगं, आज सगळं चालेल! आधी ट्रेन पकड!"

मग सुरू झालं वाट बघणं. रांग दाराशी आली की दोघी मागच्यांना पुढे सोडत. पाय भरून आले तेव्हा कुणीतरी काकूंना फोल्डिंग खुर्ची दिली. बिचारी सुलक्षणा चार वाजता धावत आली. काकूंना तिचे पाय धरावेसे वाटले. दारावरच्या अधिकाऱ्यानं पुस्तक उघडलं, फोटोच्या कपाळावरचं कुंकू पाहिलं, नोमसाकडे पाहिलं, बोटानं हळूच पुसलं आणि आत सोडलं.

नोमसा बाहेर आली ती अंगठ्यावरची शाई मिरवतच. काकूंच्या खुर्चीशी पायरीवर टेकली.

काकू म्हणाल्या, "सुटले बाई एकदाची. एक तरी परतफेड झाली."

"कसली परतफेड? काकू, एक सांगायचं राहिलंय. त्या सकाळी काकांनी मला तीनदा सांगितलं, जा म्हणून. मी म्हटलं, पुढच्या वेळी जाईन. तर म्हणाले, मग तेव्हा अनूला बरोबर ने. माझ्यामागे ती घराबाहेर पडायची नाही."

खरंच होतं ते. रघुवीर गेल्यापासून काकूंनी लीड्स सोडलंच नव्हतं. त्यांनी समोरचं कारंजं बघितलं, उन्हात बसलेली माणसं बघितली, आणि मग नोमसाचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. शाई अजून ओली होती. ती त्यांच्याही तळव्याला लागली.