भाऱ्याखालचं पिवळं गवत

नोकरीतले बरेच गुन्हे विसरलो, हा एक मात्र काही केल्या मनातून जात नाही. नावं कोणाचीच लिहीत नाही.

माझं शिक्षण सातवी. शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार होऊन बाहेर पडलो. मधलं एकही पाऊल कोणाच्या चिठ्ठीवर टाकलेलं नाही. आता शहापूरला घरी असतो. तेव्हा मुरबाड तालुक्यातल्या एका ठाण्यात होतो. त्याच वर्षी आमच्याकडे नवा उपनिरीक्षक आला. परीक्षा देऊन थेट साहेब झालेला, माझ्या मुलाच्या वयाचा. पंचनामा लॅपटॉपवर असा लिहायचा की मोठे साहेब सगळ्यांसमोर मला म्हणायचे, "बघा, शिका जरा." मी "होय साहेब" म्हणायचो. त्या दिवशी मग घरी जाऊन सगळ्यांवर खेकसायचो.

सिद्धगडाच्या बाजूला चाळीस घरांची एक वाडी आहे. तिन्ही अंगांनी जंगल. तिथली रीत अशी की होळीच्या आधी घरटी एक माणूस येतो आणि वाडीभोवतीचा पाला झाडून रुंद पट्टा मोकळा करतात. वणवा आलाच तर पट्ट्यापाशी थांबावा, घरांना लागू नये. तीस वर्षं हे काम एक म्हातारा सांगेल तसं चालायचं. त्या वर्षी वन समितीची अध्यक्ष वाडीतली एक तरुण सून झाली. तिने पाला उडवायचं मशीन आणलं आणि चार दिवसांचं काम एका दिवसात उरकलं. ग्रामसभेत टाळ्या झाल्या. म्हाताऱ्याला कोणी बोलावलंही नाही.

मोहाची फुलं पडायच्या दिवसांत, भर दुपारी, वणवा आला आणि पट्टा ओलांडून आत शिरला. एक घर गेलं, दोन घरांचा पेंढा गेला. सुनेने मशीन घेऊन घरांच्या मागे दुसरा पट्टा काढला, लोकांनी ओल्या फांद्यांनी आग झोडपली, म्हणून बाकीची वाडी वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जागेवर गेलो. पोलीस पाटलाने खबर दिली, पलीकडच्या पाड्यावरचा एक जण मोहाखाली पाला जाळताना दिसला होता. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळतात. नव्या साहेबांना एवढं पुरलं. ते पाटलाचा जबाब लिहायला बसले आणि मी वर चढलो.

आग जिथून सुरू झाली तिथे ओल्या फांद्यांचा एक भारा पडला होता, उक्षीच्या वेलीने नीट बांधलेला. बाहेरची पानं होरपळलेली. साहेबांनी तो खालूनच पाहिला आणि म्हणाले, "विझवायला आणला असेल." मी भारा उचलला. चहूकडे काळी राख, आणि भाऱ्याखाली, भाऱ्याच्याच आकाराचं, पिवळं कोरडं गवत.

म्हणजे भारा आगीच्या आधीच तिथे होता. आग लागणार हे कोणाला तरी ठाऊक होतं, आणि त्याला ती विझवायचीही होती.

मी भारा जागेवर ठेवला आणि खाली आलो. साहेबांना काही बोललो नाही.

दुपारी त्या मोहवाल्याला आणून कोठडीत टाकलं. "सायेब, मी माझ्या झाडाखालचा पाला जाळला नि इझवून घरी गेलो. तिकडं गेलोच नाय," एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. त्याची बायको भाकरी बांधून ठाण्याच्या फाटकाशी बसली, ती उठेचना. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला कोर्टात उभं करायचं होतं.

सकाळी मी म्हाताऱ्याला बोलावून घेतलं. दम दिला नाही. चहा मागवला.

"बाबा, वाडी वाचली म्हणायची. त्या पोरीने कमाल केली."

त्याने कप खाली ठेवला. "कुणी? तिनं?"

"तिनंच की. मशीन नसतं तर चाळीस घरं गेली असती. मोठे साहेब सत्कार करणार आहेत तिचा."

"आगीवर मशीन? वारा घालते ती आगीला, वारा! जमादार, तुमी पोलीस लोक नुसतं कागद वाचता. वाडी मी वाचवली. माझं चार भारं तयार व्हतं म्हणून लोकांच्या हातात फांद्या आल्या."

"कधी बांधले?"

"सकाळीच."

"आग तर दुपारी लागली, बाबा."

त्याने कप बाजूला सारला. मग म्हणाला, "एवढीशी लावली व्हती. पट्ट्यापाशी आली की मीच झोडपणार व्हतो. लोकांनी बघितलं असतं, म्हाताऱ्याबिगर भागत नाय. वारा फिरला. जमादार, तिनं एकदा इचारायचं व्हतं. मशीन चालव, पण बाबा पट्टा कुठून काढू, एवढं तरी."

मी जबाब घेतला, पंचांना पिवळं गवत दाखवलं. मोठ्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. नवे साहेब म्हणाले, "काका, हे मला सुचलंच नसतं. तुम्ही कसं ओळखलंत?"

काय सांगणार? म्हाताऱ्याच्या पोटात जे जळत होतं तेच माझ्या पोटात जळत होतं, म्हणून ओळखलं. लोक म्हणतात अनुभव. मी मान हलवली आणि तो मान घेतला.

मोहवाल्याला सोडलं. त्याने बायकोला सांगितलं, "पाया पड गो, ह्या सायबामुळं सुटलो." ती वाकली. मी पाय मागे घेतले, तरी तिचा हात लागलाच.

ह्या सायबाने भारा आदल्या सकाळीच उचलून पाहिला होता. एक शब्द बोलला असता तर तिचा नवरा कोठडी न बघता घरी राहिला असता. पण मग शोध दोघांचा झाला असता, आणि मला तो एकट्याचा हवा होता. म्हाताऱ्याने आग लावली ती लोकांनी बोलवावं म्हणून, मी गवत झाकलं तेही त्याचसाठी. त्याला शिक्षा झाली. माझ्या सेवापुस्तकात त्या गुन्ह्यापुढे "उत्तम तपास" अशी नोंद आहे.

नवे साहेब आता मोठ्या हुद्द्यावर आहेत. दिवाळीला फोन करतात, काका म्हणतात. दर वेळी सांगायचं ठरवतो. या वेळी फोनवर जमलं नाही, म्हणून लिहून ठेवलं.