बारशातला धपाटा

माझं मोठं आतडं काढलं तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. सर्जननं लहान आतड्याचं टोक दुमडून आतल्या आत एक पिशवी शिवली. काही महिने पोटावर बाहेरची पिशवी बाळगायला लावली, मग तीही काढली आणि म्हणाला, "आता सगळं नेहमीच्या वाटेनं. हळूहळू कळ ओळखता येईल."

हळूहळू म्हणजे किती, ते सांगितलं नाही. तिथून माझा त्याच्यावर संशय.

त्याहून मोठा संशय त्या आतल्या पिशवीवर. पोटात गुरगुरलं की वारा आहे का दुसरं काही, कळायचंच नाही. दोघांचा दाब सारखाच. वारा समजून विश्वास टाकला आणि साडी बदलावी लागली, असं दोनदा झालं. मग मी संडासाबाहेर वारा सोडणंच बंद केलं. गुरगुरलं की पळ. नवरा पेपराआडून बघायचा. मला वाटायचं, फेऱ्या मोजतोय.

अशात धाकट्या भावाला लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगी झाली. बारसं कागलला, भावजयीच्या माहेरी. आत्या मी एकटीच. आमच्यात आत्यानं बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचं, आणि लगेच जमलेल्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. ही रीत कुठल्यातरी भावजयीनंच काढलेली असणार.

माझं दुखणं घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं. सगळ्यांना मी 'अपेंडिक्स' सांगून ठेवलेलं. भावाला नको म्हणून बघितलं, तर तो ऐकेचना. "ताई, तू न्हाय तर कोण?"

तयारी म्हणून मी काय करावं? आदल्या दुपारपासून जेवणच बंद! नर्सनं बजावलेलं, उपाशी राहू नका, रिकाम्या पोटी वारा जास्त धरतो, मऊ भात खा. पण नर्स पडली पोरसवदा. तिला काय कळतंय? कागल येईपर्यंत पोटात हलगी वाजत होती.

भावजयीनं माझी खुर्ची नेमकी संडासाच्या दाराजवळ मांडली. "हितं बसा वन्सं, निवांत हाय."

मी नवऱ्याकडं बघितलं. तो छताकडं.

भावजयीची आई म्हणजे दणकट बाई, तळहात भाकरी थापून रुंद झालेले. "काय ओ पावणं, अपेंडिक्सनं माणूस एवढं वाळतंय व्हय?"

"वाळतंय," मी म्हटलं.

पाळण्यावर वाकले आणि कळ आली. पुढं पाळणा, मागं हात उगारलेल्या बायका. पळायला वाटच नाही. नर्सनं शिकवलेलं तसं खालून आवळून धरलं, श्वास सोडला. कळ ओसरली, परत आली. आणि पहिल्यांदाच तिच्यात मला काहीतरी वेगळं जाणवलं. दुसरं जे असतं ते जड, एका जागी बसून राहतं. हे हलकं होतं, फिरत होतं. वाराच असावा. पण विश्वास ठेवते ती मी कसली! तशीच आवळून मी कुर्र केलं, नाव सांगितलं, आणि पहिला धपाटा त्या आईचाच बसला.

सुटला. चांगला ऐकू जाईल असा.

बाकीच्यांचे उगारलेले हात हवेतच थांबले. मी मनातल्या मनात स्वतःला चाचपलं. कोरडी होते.

"आत्याला बघून पोरीनं सलामी दिली की!" भावजयीची आई ओरडली. हशा पिकला. मीही त्या बारा दिवसांच्या जिवाकडं डोळे वटारून बघितलं. आज हे सांगताना नातवंडं हसून लोळतात; बाळावर ढकलल्याची तेव्हा मला जरासुद्धा लाज वाटली नाही.

भावजयीनं बाळाचा लंगोट सोडून बघितला. "कोरडी हाय," ती म्हणाली, आणि माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिली.

सगळ्यांना घुगऱ्या वाटल्या. माझ्या ताटात मऊ दहीभात.

"मला घुगऱ्या का न्हायत?"

"तुम्हाला भात बरा, वन्सं."

माझं गुपित कुणी फोडलं असेल याचा विचार करत मी तो भात खाल्ला. मधेच परत गुरगुरलं. हलकं होतं. मी उठले नाही. ताट संपवलं, हात धुतला, आणि जेव्हा खरंच जड वाटलं तेव्हा, न पळता, त्या जवळच्या दाराकडं गेले.

आत कोमट पाण्याची बादली भरलेली होती, वर घडीचा नवा पंचा. ते कुणासाठी ठेवलेलं, हे मी भावजयीला आजतागायत विचारलेलं नाही.