विरोधात लिवलंय, ऐकून घ्या

आमच्या मामांइतका निर्भीड पत्रकार शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत दुसरा झाला नाही, असं खुद्द मामांचंच मत होतं, आणि ते त्यांनी स्वतःच्या साप्ताहिकात वेळोवेळी छापलेलंही होतं. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. राहायला मांडवगण फराट्यात, छापखाना नदीपलीकडे दौंडला. नव्वदीच्या त्या काळात त्यांच्या एम-एट्टी स्कूटरवर पुढे-मागे लाल अक्षरांत 'प्रेस' लिहिलेलं असे. तेवढ्यावर न भागून त्यांनी ते छत्रीवर आणि जेवणाच्या डब्यावरही लिहून घेतलं होतं. साप्ताहिक दर गुरुवारी निघायचं, म्हणजे ज्या आठवड्यात कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस असेल त्या आठवड्यातल्या गुरुवारी. पहिलं पान हात जोडलेल्या फोटोंनी भरलेलं. कुणी 'भावी सरपंच', कुणी 'भावी सभापती', आणि ज्यांना काहीच होता येण्यासारखं नव्हतं ते 'युवकांचे आशास्थान'. त्यांच्यातल्याच एखाद्याने गायरान गिळल्याची बातमी आतल्या पानावर. यात मामांना काहीही वावगं वाटत नसे. "जाहिरात त्याची, बातमी माझी," ते म्हणत. आत्या दोन्ही पानं फळीवर अंथरून त्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवी.

पण मामांचं खरं वेड निराळंच. ज्याच्याविरुद्ध बातमी लिहिली, त्याच्याच घरी जाऊन छापण्याआधी ती त्याला मोठ्याने वाचून दाखवायची. "तुमच्या विरोधात लिवलंय, एकदा ऐकून घ्या. काय चुकलं आसंल तर सांगा," असं म्हणून ते चष्मा लावत आणि घरातल्या लहानथोरांना गोळा करून सुरू करत. लोकही असे अजब की ऐकून घेत. कवठे येमाईचा एक रेशन दुकानदार शेवटी हात जोडून म्हणाला, "मामा, साखर खाल्ली ते ऱ्हाऊ द्या, पण 'भामटा' तेवढं काढा. पोरीचं लगीन ठरतंय." मामांनी 'भामटा' काढून 'सदर इसम' केलं आणि तिथंच जेवून आले. कारेगावात कंपन्यांतल्या कामगारांना सुया टोचणारा एक बोगस डॉक्टर होता. बातमी निम्म्यावर आली असताना त्याने शांतपणे मामांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबला आणि म्हणाला, "बीपी लई वाढलंय. हे आसलं वाचन बंद करा." मामांनी त्याच्या गोळ्या आठवडाभर घेतल्या आणि बातमीही छापली. गोळ्यांनी बरं वाटलं, हेही शेवटी प्रामाणिकपणे नमूद केलं.

मग वाळूचं प्रकरण आलं. भीमेतली वाळू उपसून नेणारे एक ठेकेदार होते. त्यांना सगळे आप्पा म्हणत, आणि पहिल्या पानावरचा सर्वांत मोठा फोटो कायम त्यांचाच. काठच्या विहिरींचं पाणी खाली गेलं तशी मामांनी बातमी लिहिली आणि आप्पांच्या ओसरीवर जाऊन वाचायला घेतली. 'बेकायदा सहा ट्रक' हे शब्द येताच आप्पांनी हात वर केला. मामांना वाटलं, आता धमकी येणार. पण आप्पांचा अपमान झाला होता. "सहा? सहा ट्रक सोम्यागोम्याचं आसत्यात. आमचं अकरा हायेत. नीट लिवा." मामांनी आनंदाने दुरुस्ती केली: 'अकरा ट्रक, असे खुद्द आप्पांनीच आमच्या प्रतिनिधीस सांगितले.' आपण काय बोलून बसलो, हे आप्पांना नंतर कुणीतरी समजावून सांगितलं असावं. कारण मजकूर घेऊन दौंडला निघालेल्या मामांना पुलावर चौघांनी अडवून बेदम मारलं. उजवा हात मोडला, जबडा सुजला, एम-एट्टी नदीत गेली.

पूल दोन तालुक्यांच्या हद्दीवर. अलीकडचे पोलीस म्हणाले, मारणारे पलीकडून आले. पलीकडचे म्हणाले, पडलेला माणूस अलीकडचा. मामा नेमके कोणत्या खांबाजवळ पडले हे ठरवायला दोन्हीकडचे हवालदार टेप घेऊन पूल मोजत बसले. पत्रकार मंडळींनी तीव्र निषेधाचं निवेदन दिलं आणि त्याचा फोटो काढला. फोटोत आप्पाही होते, कारण चहा त्यांचा होता. पत्रकारांवरचा हल्ला खपवून घेणार नाही, असं तेच सर्वांत मोठ्याने म्हणाले.

आत्याने मामांचे पाय धरले. "बातमी द्या, पर नाव गाळा. पुन्यांदा मारलं तर मी कुठं जाऊ?" मामांना बोलता येत नव्हतं, त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. वर डाव्या हाताने नव्याने खरडलेले कागद दाखवून खुणा केल्या की बातमीत आता मारहाणीचा मजकूर वाढलाय, तेव्हा आप्पांना पुन्हा वाचून दाखवायला हवी. या माणसापुढे कपाळ बडवून घ्यावं! आत्या पोटभर रडली, मग तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "तुमाला बोलता येत न्हाई तर मी वाचते. पर गेल्याबिगर तुमी काय गप बसायचं न्हाई." मी दोघांना घेऊन गेलो.

आत्याची शाळा चौथीतच सुटलेली. आप्पांच्या ओसरीवर ती एकेका अक्षरावर बोट ठेवून, अडखळत वाचत होती, आणि शेजारी मामा प्लास्टर सांभाळत बसले होते. आप्पांची आई आली, सुना आल्या, ट्रकचे ड्रायव्हर आले. मारणारे त्यांच्यातलेच असावेत, एकाचीही मान वर नव्हती. शेवटी आप्पा हळूच म्हणाले, "मावशी, नाव तेवढं काढा की." आत्याने कागदावरून नजर उचलली. "मग ह्यांचं हाड कुणी मोडलं म्हून लिवू? भीमामाईनं?"

अंक निघाला, नावासकट. पहिलं पान मात्र कोरं, कारण हात जोडणाऱ्यांपैकी एकानेही फोटो दिला नाही. तो शेवटचा अंक. त्यानंतर मामांचा कागद दिसला की छापखान्याचं मशीन बिघडायला लागलं. आप्पांचे ट्रक थोडे दिवस थांबले आणि पुन्हा सुरू झाले.

पुढे कित्येक गुरुवार मामा धुतलेले कपडे घालून एसटी स्टँडवरच्या एका बाकावर नुसते बसत. साप्ताहिक कधी विकत न घेणारी माणसं त्यांच्याशेजारी येऊन टेकत आणि हलक्या आवाजात सांगत, पाण्याचा टँकर कुणाच्या मळ्यात रिकामा झाला, शाळेची खोली कुणी खाल्ली. छापून येणार नाही हे दोघांनाही ठाऊक. मामा सगळं ऐकत, मध्येच एखादा प्रश्न विचारत, आणि माणूस हलका होऊन उठे. मामा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. फार छळवादी माणूस होता, आणि मला त्याची फार आठवण येते. स्टँडवर अजूनही कुणीतरी त्या बाकाशी येऊन थांबतं, इकडेतिकडे बघतं, आणि एसटी आली की काही न बोलता चढून निघून जातं.