चेकर आजोबांची तपासणी

चेकर आजोबांना इंग्रजीतले आकडे चोख येत. त्यातल्या अक्षरांशी मात्र उभ्या जन्मात ओळख झाली नव्हती, आणि त्यावाचून त्यांचं कधी अडलंही नव्हतं. बत्तीस वर्षं बसमध्ये तिकिटं तपासली ती लोकांच्या तोंडाकडे बघून. "कागद काय, कुणीही हातात धरतं," ते म्हणत. "लबाडी चेहऱ्यावर दिसते."

असा हा माणूस मुलांच्या इंग्रजी वाचनवर्गात खुर्ची टाकून कसा बसला, ते ऐका.

वर्ग आईबापांनीच काढलेला. शाळेत इंग्रजीचं पुस्तक उघडलं की पोरांची तोंडं बंद होत, म्हणून पाच-सहा घरांनी मिळून शनिवार सकाळपुरती ड्रायव्हिंग स्कूलच्या वरची खोली मागून घेतली. भिंतीवर वळणाच्या आणि थांब्याच्या खुणांचे तक्ते होते, ते तसेच राहिले. फळांच्या रिकाम्या खोक्यांत पुस्तकं भरली, लाल पट्टीची सोपी, निळीची अवघड. पद्धत साधी होती. मुलाने एका मोठ्या माणसासमोर बसून पुस्तक मोठ्याने वाचायचं, त्याने ऐकून मुलाच्या कार्डावर खूण करायची. दहा खुणा झाल्या की पुढची पट्टी. या सगळ्याची म्होरकी आजोबांची लेक. तिने वडिलांना खुर्च्या मांडायचं आणि पाण्याचा जार भरायचं काम दिलं होतं.

एका शनिवारी दोन आया तापाने आडव्या झाल्या, एक बाप परगावी गेला. मुलांची रांग जिन्यापर्यंत. लेकीची पाठ वळलेली बघून आजोबा गुपचूप रिकाम्या टेबलाशी जाऊन बसले. पहिल्या मुलाने वाचलं, यांनी मान डोलावली, आणि खिशातला जुना तिकिटाचा पंच काढून कार्डाला कट्‌कन भोक पाडलं. झालं! पुढच्या शनिवारी अर्धा वर्ग त्यांच्याच रांगेत.

लेकीने कपाळावर हात मारून घेतला. "बाबा, तुम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नाही!"

"मला कुठे वाचायचंय? वाचतात ती. मी ऐकतो."

"आणि कुणी थापा मारल्या तर?"

"बत्तीस वर्षांत सुटला का एक तरी माझ्या हातून?"

आता बापाशी कोण वाद घालणार? "डॉक्टरीणबाईंना तेवढं कळू देऊ नका," एवढं बोलून ती गेली. डॉक्टरीणबाई दातांच्या. वर्गाचे सतरा नियम त्यांनीच लिहून दारावर डकवले होते, आणि नियम मोडणाऱ्याकडे त्या किडकी दाढ बघावी तशा बघत.

पोरं काय, महाबिलंदर. आजोबांचे डोळे पुस्तकावर नसतात हे आठवडाभरात त्यांच्या लक्षात आलं, आणि ती चित्रं बघून मनाचं ठोकून द्यायला लागली. पण आजोबांकडे जुनं हत्यार होतं. बसमध्ये संशय आला की ते विचारत, "कुठे चढलास?" मग दोन इकडच्या तिकडच्या गप्पा, आणि परत, "कुठे चढलास म्हणालास?" लबाडाचा थांबा दुसऱ्या वेळी हमखास बदलायचा. इथेही तेच. "फिरून वाच हे पान." मनाने रचलेलं वाक्य दुसऱ्यांदा तसंच्या तसं कुठून येणार? "थांबा बदलला! चला, उतरा खाली!" आजोबा गरजत, आणि पोरगं हसत हसत रांगेच्या शेवटी. महिन्याभरात सगळ्यांना उमगलं की रचण्यापेक्षा वाचणं कमी कटकटीचं.

एकटी पाणीवाली बधेना. ही ट्रक चालवणाऱ्याची मुलगी, वय आठ. पुस्तक उघडलं की हिला तहान लागायची. "आजोबा, पाणी पिऊन येते," म्हणाली की परत यायला वर्ग सुटायची वेळ. शेवटी आजोबा म्हणाले, "जा, पण पुस्तक घेऊन जा." तर हिने ते जारच्या मागे ठेवलं! सगळ्यांच्या कार्डांची जाळी झाली, हिचं कोरं.

आणि मग दारावर अठरावा नियम लागला. सत्र संपताना पालकांसमोर प्रत्येक ऐकणाऱ्याने एकेक पुस्तक वाचून दाखवायचं. यादीत चौथं नाव आजोबांचं.

लेकीची पाचावर धारण बसली. आजोबा वरून हसले. बायको गेल्यापासून आठवड्याचे सहा दिवस त्यांना खायला उठत. माणसात आल्यासारखं वाटे ते शनिवारी, त्या खुर्चीत. ती खुर्ची गेली तर उरलं काय?

त्यांनी लाल पट्टीतलं सगळ्यात पातळ पुस्तक उचललं, बूट हरवलेल्या बदकाचं, बारा पानांचं. संध्याकाळी ड्रायव्हिंग स्कूलच्या पायरीवर पाणीवालीला गाठलं. बाकीची पोरं बोलघेवडी, हिच्या पोटात मात्र गोष्ट राहते हे त्यांनी हेरलं होतं.

"हे मला वाचून दाखव. चष्मा बिघडलाय माझा."

तिने पुस्तक मांडीवर ठेवलं. "काल किती गरम होतं ना, आजोबा?"

"हो ना."

"का वाचून दाखवू म्हणालात?"

"डोळे दुखतात गं."

पाणीवाली टाळी पिटून उठली. "थांबा बदलला! तुम्हाला वाचताच येत नाही!"

"हळू बोल, बये!"

आपल्यासारखंच आणखी कुणीतरी आहे, तेही मिशीवालं, याचा तिला इतका आनंद झाला की तहान विसरून ती बसली. पहिल्या पानाला तीन संध्याकाळी लागल्या. अडली की ठोकून द्यायची, पण आजोबा "फिरून वाच" म्हणायचे, आणि मग बसायची एकेक अक्षर सोडवत. तीन आठवड्यांत आजोबांना बदक बुटांसकट तोंडपाठ झालं.

तो दिवस आला. खोली गच्च भरलेली, पहिल्या रांगेत डॉक्टरीणबाई. आजोबांनी पुस्तक उघडून छातीशी धरलं आणि सुरू केलं. काय तो आवाज, काय ते थांबणं! बदकाला बूट सापडला तेव्हा मागच्या आयांनी टाळ्या वाजवल्या. आजोबांनी सवयीप्रमाणे पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत नजर लोकांच्या चेहऱ्यांवर ठेवली होती.

"आजोबा!" पाणीवाली कळवळून ओरडली. "पान उलटा ना!"

बारा पानांची गोष्ट संपली होती आणि पुस्तक पहिल्याच पानावर उघडं होतं.

खोलीत हशा पिकला. लेकीने पदरात तोंड लपवलं. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. "म्हणजे यांना वाचता येत नाही. मग यांनी पाडलेली भोकं खरी कशी मानायची? सगळी कार्डं रद्द करावी लागतील."

पोरांचे चेहरे पडले. आजोबांना स्वतःचं काही वाटलं नाही, पण हे झोंबलं. "माझी खुर्ची घ्या," ते म्हणाले. "पोरांना चोर म्हणू नका. हवं ते पोर उठवा, हवं ते पुस्तक द्या."

बाईंनी नेमकी कोऱ्या कार्डाची पोरगी उठवली आणि तिने कधी न पाहिलेलं पुस्तक हातात दिलं. आजोबांनी डोळे मिटून घेतले. पाणीवालीने जारकडे एकदा बघितलं आणि वाचायला लागली. अडखळली, मागे आली, पुन्हा वाचलं. पान संपलं तेव्हा बाई म्हणाल्या, "फिरून वाच." तेच आलं, अक्षर न अक्षर. मग बाईंनी शेवटचं पान काढलं. तेही आलं.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. "एकही भोक न मिळालेलीला एवढं येतं, मग बाकीच्यांचं काय तपासायचं! पंच कुठाय?" त्यांनी विचारलं, आणि पाणीवालीच्या कार्डाला पहिलं भोक त्यांनी स्वतः पाडलं.

कार्डं राहिली. खुर्चीही राहिली, पण एकोणिसाव्या नियमासह. आता शनिवारी वर्ग भरायच्या आधी आजोबांना रांगेत उभं राहावं लागतं. गळ्यात कोरं कार्ड. टेबलामागे पाणीवाली, हातात पंच.

पहिल्याच शनिवारी त्यांनी बदक घडाघडा म्हणून टाकलं, पानंसुद्धा वेळच्या वेळी उलटली. पाणीवालीने सगळं ऐकून घेतलं, मग पुस्तक मधूनच उघडून एका शब्दावर बोट ठेवलं. "हा कोणता?"

आजोबांनी शब्दाकडे बघितलं. मग तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं.

"चला, उतरा खाली!" पाणीवाली गरजली.

आजोबा उठले. मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "जरा पाणी पिऊन येतो."

"या. पण पुस्तक घेऊन जा."