बाण नसलेला चौकोन

खात्यात त्याला सगळे नकाशेबुवा म्हणत. नकाशे जमिनीचे नव्हेत, कामाचे. खात्यानं घेतलेलं प्रत्येक यंत्र, प्रत्येक संगणकप्रणाली म्हणजे एक चौकोन, आणि त्यातून निघालेला बाण खात्याच्या एखाद्या उद्दिष्टाला जाऊन भिडला पाहिजे. नाही भिडला तर खर्च बंद. शेजारच्या खात्यानं घेतलं म्हणून आपणही घेणाऱ्या साहेबांना त्यानं चांगलंच वठणीवर आणलं होतं. माणूस हुशार, कामाला चोख. फक्त लोक काय म्हणतील या धास्तीनं तो कायम अर्धमेला असायचा.

चौकशीच्या फोनची यंत्रणा जुनी झाली, नवी घ्यायची वेळ आली. नकाशात तिचा बाण कुठेच जाईना. उद्दिष्टं सगळी खिडकीवर निकाली निघणाऱ्या कामांची, आणि फोनवर काही निकाली निघत नाही. त्या फोनवर त्याची थोरली बहीण बसायची. बहिणीला वाचवलं असं कुणी म्हणू नये, म्हणून परक्याच्या फोनसाठी केला असता तेवढाही विचार त्यानं केला नाही. चौकोन खोडून मोकळा झाला. ताईची बदली तळघरात, जुने कागद लावायला.

पुढच्याच महिन्यात खिडक्यांपुढची रांग दाराबाहेर गेली. फोटो नाही म्हणून परत पाठवलेला एक म्हातारा नेमका त्यालाच म्हणाला, "पूर्वी फोनवर एक बाई होत्या. काय काय आणायचं ते नीट सांगायच्या. हेलपाटा वाचायचा."

वाचलेला हेलपाटा त्याच्या नकाशात कुठेच नव्हता. जो माणूस आलाच नाही, त्याला मोजणार कोण? तोंड कुठे लपवावं, त्याला कळेना.

संध्याकाळी तो ताईकडे गेला. ती भाजी निवडत होती.

"या नकाशेबुवा. अरे, आमचा फोन कुणी बंद केला ते बघ ना जरा. कुण्या दीडशहाण्याचं काम असणार."

"मीच केला, ताई." त्याला मान वर करवेना. "तू होतीस म्हणूनच. लोक म्हणाले असते, बहिणीला सांभाळतो. उद्या साहेबांना सांगतो, माझं चुकलं म्हणून."

ताईचे हात थांबले. तिनं भाजीचं ताट बाजूला सारलं.

"बहीण म्हणून नको सांभाळूस, ते बरोबरच आहे. पण तिथं बसून आम्ही काय करतो, हे विचारायला एक फोन तरी करायचास. मीच उचलला असता."