माळ्यावर ठेवलेला नणंदेचा संसार

उदगीरचं आमचं घर पत्र्याचं. उन्हाळ्यात स्वयंपाकघरात उभं राहवत नसे, म्हणून माझ्या नवऱ्यानं पत्र्याखाली चांदीसारखा चकाकणारा फोम मारून घेतला. त्या फोमखाली, चुलीच्या वरच्या बाजूला, फळ्यांचा माळा होता. कूलर, जुनी भांडी, असलं सगळं तिथं पडलेलं असायचं. ते काढून मी माळा झाडून घेतला, कारण भोकरहून नणंदेचा संसार यायचा होता.

नणंद आमच्यापेक्षा बरीच लहान. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती तोच तिचा नवरा काविळीनं गेला. भोकरला सासरी तिचं मन लागेना. नांदेडला एका दवाखान्यात तिनं नोकरी धरली आणि दोघी-तिघींच्या खोलीत एक कॉट घेतली. गाद्या, लोखंडी पेटी, शिलाई मशीन, सगळं टेम्पोतून आमच्याकडं आलं. जाताना म्हणाली, "वहिनी, खोली केली की नेते. तवर सांभाळा."

मी सांभाळलं. प्रत्येक वस्तू प्लास्टिकच्या कागदात गुंडाळली, वरून सुतळी आवळली. भिंत आणि पत्रा यांच्यामधल्या फटींतून उंदीर शिरतील म्हणून त्या चिंध्या कोंबून बुजवल्या.

दुसऱ्या पावसाळ्यात भाद्रपदात झड लागली होती. भाकरी थापताना माझ्या मानेवर थेंब पडला. वर पाहिलं तर फळी काळी पडलेली.

"पत्रा गळून राहिला," मी म्हणाले.

नवरा वर चढला, एकेका खिळ्यावर डांबर लावून आला. पुढं पाऊस उघडला, तरी थेंब पडतच राहिले. तो वैतागला. "पाऊस न्हाई, काई न्हाई, मग पाणी कुठून येऊन राहिलं?"

मी स्टुलावर चढून गादीवरचा कागद चाचपला. बाहेरून ओला होताच, आतूनही घामेजलेला होता. कुबट वास आला. गाठ सोडायची माझी हिंमत झाली नाही. नांदेडहून फोन आला की मी आधी माळ्याकडं बघायचे. ती सगळ्यांची खुशाली विचारायची, सामानाचा विषय मात्र कधीच काढायची नाही. त्याचीच मला जास्त फिकीर वाटायची.

एकदा सकाळी भात शिजत होता. मी बॅटरी घेऊन वर बघत राहिले. चुलीवरची वाफ फळ्यांच्या सांदीतून वर जात होती, फोमला लागून तिचे मणी होत होते आणि तेच खाली टपकत होते. वाफेला बाहेर जायला वाट नव्हती. ती मीच चिंध्यांनी बंद केली होती.

चिंध्या उपसल्या, फटींना जाळी ठोकली. नवऱ्यानं खिडकीत वाफ ओढणारा पंखा बसवला. सामान भिंतीपासून सरकवून विटांवर ठेवलं, आणि प्लास्टिक काढलं. गाद्यांवर काळे ठिपके पडले होते. नेमका तेव्हाच फोन आला, "वहिनी, खोली भेटली. रविवारी येते."

"कुलूप तोडून पेटी बघू तरी," नवरा म्हणाला.

"तिची हाय. ती आल्यावरच उघडू."

रविवारी ती आली तेव्हा गाद्या अंगणात बाजेवर उन्हाला पडल्या होत्या. तिनं ठिपक्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "पेटी कुठं हाय?"

किल्ली तिच्या पर्समध्ये होती. वरच्या साड्या बऱ्या होत्या, एकीचे जरीचे काठ तेवढे काळवंडले होते. तळाशी तिच्या नवऱ्याचा लग्नातला कोट होता. कॉलरवर आणि खांद्यांवर पांढरी बुरशी आली होती.

"ताई, मी लई जपलं, पण..." मी पदर डोळ्यांना लावला.

तिनं पदरानं खांदे पुसले, मग कॉलर. खिशात हात घातला, तसाच बाहेर काढला. म्हणाली, "दोन वर्षं झाली, मलाच ही पेटी उघडायचं भेव वाटून राहिलं होतं. तुम्ही काऊन रडता?"

मग उठली, कोट उलटा करून दोरीवर टाकला. "असाच वाळू द्या. न्हाईतर रंग उडंल."

ती आठवडाभर राहिली. गाद्यांच्या खोळी फेकाव्या लागल्या, पण कापूस चांगला निघाला. पिंजाऱ्याकडून पिंजून नव्या खोळीत भरला. मशीनचं चाक गंजलं होतं, तेल घालून दोघींनी ते फिरतं केलं. कोटाचा वास कमी झाला, पुरता गेला नाही.

टेम्पो आला. सगळं चढलं. कोट तिनं पेटीत घातला नाही, हातावर घेतला आणि ड्रायव्हरशेजारी बसली. आभाळ भरून आलं होतं. ताडपत्री नीट बांधली का, हे मी ड्रायव्हरला पुन्हा पुन्हा विचारत होते. शेवटी तिनंच खिडकीतून हात बाहेर काढून माझा हात दाबला, "भिजलं तर वाळवू की, वहिनी," म्हणाली, आणि टेम्पो निघाला.