आप्पांचे समुद्रस्नान

सिकंदराबादहून गाडी सुटली तेव्हा माझ्या बायकोने, वैशालीने, खिडकीपाशी बसलेल्या आपल्या वडिलांकडे बोट दाखवून मला बजावले, "समुद्रात आप्पांचा हात सोडायचा नाही." आप्पा सत्तरीला टेकलेले. बीदरकडची शेती भावांवर सोपवून हैदराबादच्या नल्लकुंट्यात येऊन राहिलेले आणि जन्मात समुद्र न पाहिलेले. एकदा समुद्रस्नान घडावे, एवढीच त्यांची इच्छा होती. मी दापोलीजवळच्या किनाऱ्यावर वाढलेला. परदेशी कंपन्यांना देशाचे दरवाजे उघडले तशी हैदराबादेत निघालेल्या एका नव्या कॉम्प्युटर कंपनीत चिकटलेला आणि कुकटपल्लीत फ्लॅट घेऊन थोडा फुगलेलाही. "अगं, समुद्र आमच्या अंगणात होता," मी म्हणालो. "हात सोडायचा प्रश्नच कुठे येतो?"

सकाळी विशाखापट्टणला उतरलो आणि थक्क झालो. डोंगर थेट पाण्यात उतरलेला, आणि पाणी असे निळे की आमचा तांबूस, गढूळ अरबी समुद्र मला सावत्र वाटू लागला. आप्पांनी रस्त्याच्या कडेलाच वहाणा काढल्या आणि बराच वेळ हात जोडून उभे राहिले. मग मला विचारले, "एवढं पाणी, आन् पिकाला एक थेंब चालत नाही म्हणता?"

"नाही चालत."

"कमाल हाय," म्हणाले आणि वाळूत बसले.

संध्याकाळी मी दोघांना मोठ्या तोऱ्यात किनाऱ्यावर नेले. सूर्य पाण्यात बुडताना दाखवतो म्हणालो. आम्ही पाण्याकडे तोंड करून उभे. उजेड कमी होत गेला, पण सूर्याचा पत्ता नाही. शेवटी आप्पाच हळूच म्हणाले, "जावईबापू, सूर्य मागं डोंगरात गेला की हो." वैशाली पोट धरून हसली. पूर्वेच्या समुद्रात सूर्य उगवतो, बुडत नाही, हे शाळेतले पोरही सांगेल. मला मात्र ते समुद्रासमोर उभे राहूनही सुचले नव्हते. लाज वाटली, पण शहाणपण काही आले नाही.

दुसऱ्या दिवशी पॅसेंजर गाडीने अरकूच्या डोंगरात गेलो. बोगद्यामागून बोगदे, आणि प्रत्येक बोगद्यात डब्यातली सगळी माणसे ओरडणार. तिसऱ्या बोगद्यात आप्पाही ओरडले, तेव्हा वैशाली त्यांच्याकडे बघतच राहिली. वर कॉफीची झाडे आणि कोवळे ऊन होते. 'बोंगु चिकन' (बांबूच्या नळीत घालून निखाऱ्यावर शिजवलेली कोंबडी) खाल्ले आणि जीभ भाजून घेतली. आप्पांना ताक हवे होते. टपरीवाली म्हणाली, "मज्जिगा लेदु (ताक नाही)," आणि परदेशी कोलाची थंड बाटली पुढे केली. दारात दोन गाई बांधलेल्या! मी सुन्न झालो. आमच्या कंपनीत ज्या बदलाच्या नावाने टाळ्या वाजत, तो माझ्याआधी इथवर चढून आला होता.

परतताना वाटेतल्या बोर्रा गुहेत उतरलो, तर वीज गेली. पायऱ्या ओल्या होत्या. माझा पाय घसरला आणि मी खालच्या काळोखाकडे निघालोच होतो, तेवढ्यात मनगटाला पकड बसली. नांगर धरलेला हात तो, वीज येईपर्यंत ढिला पडला नाही. वर आल्यावर आप्पा एवढेच म्हणाले, "चप्पल बदला."

शेवटच्या दिवशी भीमिली गावाच्या वाटेवर एक मोकळा किनारा पाहून रिक्षा थांबवली. वैशाली शहाळी आणायला रस्त्यापलीकडे गेली. जाळे दुरुस्त करत बसलेल्या एका कोळ्याने आम्हाला पाण्याकडे जाताना पाहिले आणि हात हलवला. "वद्दु सार! लोपलिकि लागुतुंदि (नका जाऊ, आत ओढतं)!"

आप्पा थांबले. "त्याला नीट पुसू की, जावईबापू. पाणी त्याच्या गावचं हाय."

मी हसलो. "आप्पा, आमच्याकडे पन्नास पावलं आत गेलं तरी पाणी गुडघ्याला लागत नाही. चला, मी आहे ना."

त्यांनी माझा हात धरला. पहिले पाऊल, दुसरे. तिसऱ्या पावलाला जमीन नव्हती.

लाट अंगावर आली त्यापेक्षा मागे फिरली ती भयानक. पायाखालची वाळू निघून गेली, नाकातोंडात पाणी गेले. आप्पांचा हात माझ्या हातात होता, आणि मी तो सोडला. निसटला नाही, सोडला. वर यायला मला दोन्ही हात हवे होते, म्हणून बोटे उघडली. पुढच्या लाटेने मला वाळूवर आपटले. मागे वळून पाहिले, तर आप्पा कुठेच नव्हते.

कोळी कंबरेला दोर बांधून आधीच आत शिरला होता. दोराचे टोक किनाऱ्यावरच्या दुसऱ्या कोळ्याच्या हाती होते. त्याने आप्पांना सदऱ्याला धरून बाहेर ओढले. चष्मा गेला होता, ओठ काळेनिळे पडले होते. पालथे घालून पाठ चोळल्यावर पाणी उलटले आणि ते खोकले.

शहाळी टाकून वैशाली धावत आली. तिने आधी त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी तोंड उघडणार, तोच आप्पा म्हणाले, "रडू नको गं. जावईबापूंनी हात सोडला नाही, म्हणून जिता राहिलो."

कोळ्याने माझ्याकडे पाहिले. त्याला मराठी येत नव्हते, पण आत काय झाले ते त्याने पाहिले होते. त्याने दोर गुंडाळला आणि जाळ्याकडे गेला.

परतीच्या प्रवासात वैशालीने माझ्या डब्यात दोनदा जास्तीचा दहीभात वाढला. तो मला गिळवेना. नल्लकुंट्याला पाहुणे जमले, आणि आप्पांनी नवा चष्मा पुसत सगळ्यांना तीच गोष्ट सांगितली. मी उठून गच्चीवर गेलो. थोड्या वेळाने तेही आले.

"आप्पा, मी सोडला होता."

"हौ. मला ठाऊक हाय. सुटणं आन् सोडणं हाताला कळतं."

"मग खोटं कशाला सांगता?"

त्यांनी वाळत घातलेले आपले धोतर उलटून टाकले. "याच हातात लेक दिली मी. तो हात सोडतो म्हणून तिला कुठल्या तोंडानं सांगू?"

प्रवासाला जाणाऱ्यांना सांगायचे ते इतकेच, की पाण्यात उतरण्याआधी त्या गावच्या माणसाला विचारा. बाकी लिहिले आहे ते वैशालीसाठी. छापायला देण्याआधी हे कागद मी तिच्यासमोर ठेवणार आहे.